वाकळीचं पोट कुणी मिटलं

हे तुम्हाला पटायचं नाही. मी सांगितलेलं आमच्या गावात कुणालाच पटत नाही. विहिरीत मगर पाहिली म्हटलं तर लोक विचारतात, "यशोदे, शेपटीसकट की बिनशेपटीची?" आणि निम्मं धरून घरी जातात. जावोत. पण ही गोष्ट निम्मी धरता येणार नाही, कारण हिच्यात बायका दोनच आहेत. एक काढलीत तर गोष्ट उरत नाही. कुठली काढायची असं कुणी विचारलंच, तर मी बोट दाखवून सांगेन.

मी आणि माझी धाकटी जाऊ रुक्मिणी सोळा वर्षं एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही, आणि त्यातली पहिली बारा वर्षं दोघींनी मिळून एकच वाकळ शिवली. देशावर तिला गोधडी म्हणतात. आमच्याकडे वाकळ.

आता मुळापासून सांगते.

आमच्या सासूला सगळा गाव अक्का म्हणे. तिच्या हातात सुई असली की घरातली माशीसुद्धा सरळ रेषेत उडायची. आम्हा दोघींना तिने शिवण शिकवलं ते लाकडी पट्टीने. टाका उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा हवा. ती टाक्याशेजारी खरोखरचा दाणा ठेवून बघायची, आणि टाका मोठा निघाला की पट्टी बोटांवर. माझी बोटं अजून पावसाळ्यात तिची आठवण काढतात.

जायच्या आदल्या वर्षी अक्काने घराण्याची वाकळ घालायला घेतली. घराण्याची म्हणजे तिच्यात आमचं सगळं घर होतं. सासरे पोस्टमन होते, त्यांच्या खाकी सदऱ्याचा तुकडा. शिवता शिवता त्याच्यावर डोकं टेकलं की माणसाला स्वप्नात पत्रं यायची, बहुतेक दुसऱ्याची. चुलत सासऱ्यांच्या मचव्याच्या शिडाचा तुकडा, त्याच्यामुळे वारा सुटला की वाकळ मांडीवरून आपोआप दाराकडे सरकायची. दशावतारात राजा व्हायचे त्या आजेसासऱ्यांच्या शेल्याची किनार. पिठाची पिशवी, बारशाचं झबलं, एका आत्याचं कधीच न नेसलेलं लग्नाचं लुगडं.

वाकळ शिवायची ती कडेपासून आत. कडेने एक फेरा, त्याच्या आत दुसरा, असं करत मध्यावर यायचं. शेवटी तळहाताएवढी जागा उघडी राहते, तिला आम्ही पोट म्हणतो. पोटात चिमूटभर तांदूळ घालायचे आणि मग ते मिटायचं. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याची झोप खाते, असं अक्का सांगे. आणि आमच्या घरचा कायदा असा, की फेरे कुणीही घातलेले असोत, जी पोट मिटते तिची वाकळ. तिच्या नावाने ती ओळखली जाते. आजेसासूची वाकळ, थोरल्या आत्याची वाकळ, तशी.

अक्का गेली तेव्हा फेरे चारच झाले होते.

तिच्या बाराव्याला भांडण झालं. अक्काचं एक पोपटी लुगडं होतं, वर्षातून एकदा नेसायची, आंगणेवाडीच्या जत्रेला. ते मी माझ्यासाठी ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनात ठेवलं होतं, आणि घरातल्या माणसाला मनातलं कळायला हवं. मी चुलीकडून हात पुसत माजघरात आले तर रुक्मिणी कात्री घेऊन बसलेली आणि लुगड्याचे सोळा चौकोन तिच्यापुढे मांडलेले.

"ह्यां काय केलंस?" मी विचारलं.

"अक्कान सांगितलेलां. वाकळीत घालूक."

"माका नाय सांगितल्यान ता?"

"तुका कित्याक सांगतली? तू नेसून गावभर मिरवलं असतंस."

यावर मी एक शब्द बोलले, तो इथे लिहिता येत नाही. तिने उलट एक शब्द टाकला, तो माझ्या शब्दाचा मामा होता. तेवढंच. त्यानंतर बोलणं संपलं. आणि न ठरवता ठरलं, की जी आधी बोलेल तिची चूक.

पुढच्या वर्षी माझ्या दिराने, म्हणजे रुक्मिणीच्या नवऱ्याने, भिकाजीने, माजघरातून चिऱ्यांची भिंत घातली. दोन दारं, दोन चुली. मधोमध देवघर होतं, तिथे भिंत अडली. भिकाजी तसा बायकोच्या अर्ध्या शब्दात उठणारा माणूस, पण तिथे हटून बसला. "देवांका भिंत घालूची नाय," म्हणाला. म्हणून दोन्हीकडून भिंत देवांपर्यंत आली आणि थांबली. देवांच्या खाली, जिथे अक्काची पेटी होती, तिथे हात-दीड हात रुंद भोक राहिलं. पेटी अर्धी माझ्याकडे, अर्धी तिच्याकडे. पेटीत वाकळ. पेटीला दोन कुलुपं, एक माझं, एक तिचं.

आम्ही बोलत नव्हतो, पण देव दोघींचे होते. देवाला सांगितलेलं बोलण्यात धरायचं नाही, हेही न ठरवता ठरलं. सकाळी मी हात जोडायची. "देवा, काही जणांची बांगड्याची आमटी करपता, आणि वास आमका खावचो लागता." संध्याकाळी पलीकडून ऐकू यायचं, "देवा, काही जणांका नाकच मोठां दिलंस, त्येका ती तरी काय करतली." देव बिचारे ऐकून घ्यायचे. गणपतीच्या मूर्तीचा एक कान झिजून बारीक झालाय, येऊन बघा.

वाकळ मात्र थांबली नाही. तिने हार मानावी म्हणून मी शिवत राहिले, मी मानावी म्हणून ती. दुपारी माझ्याकडचं कुलूप निघायचं, संध्याकाळी तिच्याकडचं. दुसऱ्याचं कुलूप असलं तरी झाकण चार बोटं वर यायचं, आणि तेवढ्या फटीतून वाकळ ओढून घेता यायची. तिने घातलेला फेरा मला कडेला एक दाणा वाकडा वाटला की मी उसवायची. मी घातलेला तिला सरळ वाटला की ती उसवायची. एका चौकोनात आमच्या सुया इतक्या वेळा गेल्या, की त्यातून नाचणीचं पीठ चाळलं असतं तर एक भाकरी चांगली झाली असती. म्हणून बारा वर्षं लागली. नाहीतर दोन पावसाळ्यांचं काम.

बारा वर्षांनी पोट मिटलं. मी मिटलं. का, कधी, ते पुढे येईलच. त्यानंतर वाकळ पेटीत गेली, दोन्ही कुलुपं लागली आणि तिच्यावर कुणी झोपलं नाही. तिनेही नाही, मीही नाही. जी आधी आपलं कुलूप काढेल तिची हार.

मग यंदा शर्मिष्ठा आली.

पुण्यात संग्रहालयाचं शिक्षण घेतलेली मुलगी. आमच्या बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्यांत गावातल्या मंडळींनी वारसा दालन काढायचं ठरवलं आणि मांडणीसाठी तिला बोलावली. ती घरोघर फिरून जुन्या वस्तू मागत होती. लोकांनी तिला आधी गळकी भांडी दिली. माझ्याकडे आली तेव्हा मी वाकळीचं सांगितलं, आणि पोरगी पाटावरून उठलीच.

"आजी, ती मला दाखवाल?"

"अर्धां कुलूप दाखवतंय," मी म्हटलं. "अर्ध्यासाठी पलीकडे जा."

तिने दोन किल्ल्या दोन दारांतून आणल्या, तेव्हा कुठे झाकण पूर्ण उघडलं. वाकळ तिने ओटीवर पसरली आणि अर्धा तास नुसती बघत बसली. मग वही काढली. प्रत्येक तुकडा कुणाचा, ते तिला लिहून घ्यायचं होतं. माझं सांगणं तिने माझ्या ओटीवर घेतलं, रुक्मिणीचं तिच्या ओटीवर. एकूण ब्याऐंशी तुकडे. त्यातले तीन आमचे जुळले. बाकी एकोणऐंशींच्या दोन-दोन गोष्टी झाल्या. मी ज्याला पोस्टमनचा सदरा म्हटलं, त्याला तिने भिकाजीची शाळेची चड्डी म्हटलं. चड्डी! सासऱ्यांच्या सदऱ्याला!

शर्मिष्ठेला ते चालत होतं. "दोन्ही लिहीन, त्यात मजा आहे," म्हणाली. पण वाकळीखाली एक कार्ड लागणार होतं, आणि त्यावर करणारीचं नाव. "दोघींचं लिहू ना? यशोदा आणि रुक्मिणी."

मी म्हटलं, "तिचां नाव माझ्या शेजारी आयलां, तर मी वाकळ घेवन घरी येतलंय."

पलीकडे जाऊन तिने हेच विचारलं, तर रुक्मिणी म्हणाली, "माझां नाव तिच्या मागे? मगे नकोच." आमचं एकमत झालं ते एवढ्यावर.

तेव्हा शर्मिष्ठेने घरचा कायदा विचारला. पोट मिटते तिची वाकळ, हे दोघींनी सारखंच सांगितलं. मग, पोट कुणी मिटलं? मी म्हटलं मी. रुक्मिणी म्हणाली ती.

मुलगी हुशार. तिने गुलजारला बोलावलं. गुलजार आमच्या वाडीपलीकडची, मालवणात तिचं शिवणाचं दुकान आहे. ब्लाऊज नुसता बघून सांगते, बाई तीन महिन्यांत किती सुटली. तिने चष्मा लावून वाकळ कडेपासून तपासली, उलटी करून तपासली. आम्ही दोघी दोन दारांत उभ्या.

"हात ओळखूक येयना," ती म्हणाली.

"असो कसो येयना?" मी विचारलं.

"एकाच सासूनं शिकवलेलां आसा. दाण्यागणिक टाको. दोघींचो हात एकच."

असा अपमान माझा जन्मात झाला नव्हता. रुक्मिणीचाही झाला असावा. ती देवघराकडे तोंड करून म्हणाली, "देवा, लोकांका चष्म्याचो नंबर बदलूक बुद्धी दे."

गुलजार हसली. मग वाकळीच्या मध्यावर बोट ठेवून थांबली. "हे मात्र वेगळे. पोटाचे टाके. सात-आठ आसत. सगळे वाकडे. जिणां कोणी घातले, तिचो त्या वेळी हात ठिकाणावर नव्हतो."

शर्मिष्ठेने लगेच ते धरलं. कसे वाकडे झाले, हे जी सांगू शकेल तिने पोट मिटलं. आधी रुक्मिणीला विचारायला गेली. मी भोकाशी कान लावला, खोटं कशाला सांगू.

"वादळ होतां त्या दिवशी," रुक्मिणी म्हणाली. "तौक्ते."

"आणि?"

"बाकीचां मी सांगूचंय नाय."

"आजी, सांगितलं नाहीत तर मी लिहू काय?"

"काय होया तां लिही."

बघा. तिला कारण माहीतच नव्हतं. माहीत असतं तर सांगितलं असतं. मी शर्मिष्ठेला म्हटलं, मी सांगते, पण इथे नाही. उद्घाटनाच्या दिवशी, सगळ्या गावापुढे.

शर्मिष्ठेने थोडा विचार केला. मग दोघींना ऐकू जाईल असं देवघरासमोर उभं राहून म्हणाली, "ठीक आहे. यशोदाआजी बोलतील. रुक्मिणीआजी, तुम्हीही या. त्यांचं सांगून झाल्यावर मी विचारीन, कुणाची हरकत आहे का. हरकत नसेल तर त्यांचं नाव. हरकत आली आणि ती खरी ठरली, तर तुमचं. आणि काहीच ठरलं नाही तर मला कार्डावर 'कारागीर अज्ञात' लिहावं लागेल."

अज्ञात. आम्ही दोघी धडधाकट, जेवून-खाऊन आहोत, आणि अज्ञात.

मी मात्र त्या रात्री पोटभर जेवले. कारण माझं गणित सरळ होतं. रुक्मिणी समोर बसणार. हरकत घ्यायची तर तिला माझ्यादेखत, माझ्याबद्दल, देवाला मध्ये न घालता बोलावं लागणार. शाळेत देवघर नाही. बोलली, की सोळा वर्षांनी ती आधी बोलली. लुगड्याची चूक तिची. नाही बोलली, तर कार्डावर माझं नाव. कसंही झालं तरी मी जिंकले. अक्काने मला पट्टीने शिकवलं ते शिवण, हे मी स्वतः शिकले.

उद्घाटनाला सगळा गाव आला. कसालहून मंडप आणला होता, पण माणसं वर्गातच दाटीने बसली, बाकांवर, खिडक्यांत. वाकळ फळ्याच्या जागी टांगलेली. खरं सांगते, टांगल्यावर ती मोठी दिसायला लागली होती. खिडकीतून वारा आला की शिडाचा तुकडा फुगायचा आणि सबंध वाकळ समुद्राच्या बाजूला कलायची. शर्मिष्ठेने खालून दोन दगड बांधले होते. खाली कोरं कार्ड, तिच्या हातात पेन.

रुक्मिणी शेवटच्या बाकावर, दाराशी बसली होती. माझ्याकडे अर्धी पाठ. शेजारी भिकाजी, त्याचं लक्ष आपल्या चपलांकडे.

माईक माझ्या हातात आला.

"मी काय सांगतंय तां तुमका पटूचां नाय," मी सुरुवात केली. लोक हसले. पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "शेपटीसकट सांग." मी दुर्लक्ष केलं.

मी सांगितलं. तौक्ते आलं ती भर दुपार. आधी माडांच्या झावळ्या उडाल्या, मग माड उडाले. एक माड मी डोळ्यांनी पाहिला, तो आमच्या अंगणातून उठून मसुऱ्याच्या दिशेने गेला आणि वाटेत वळला, कारण त्याला रस्ता माहीत नव्हता. मग कौलं सुटली. माझ्या अर्ध्या घराची आधी, कारण माझी बाजू समुद्राकडे. एकेक कौल सुटायचं आणि आवाज असा, जसं कुणी वर बसून ताटं आपटतंय. घरात मी एकटी. बाहेर जायची सोय नाही. मी सरकत सरकत देवघरापाशी आले, पेटीला टेकून बसले.

मगरीला हसणारे सगळे त्या दुपारी आपापल्या घरात होते. कौलांचा आवाज त्यांना सांगायची गरज नव्हती.

"पेटीचां माझां कुलूप काढलेलां," मी म्हटलं. "वाकळ माझ्या मांडीवर. पोट तेवढां उघडां रव्हलेलां. मी म्हटलां, आता घर जाता की रवता कळणां नाय, पण अक्काची वाकळ उपाशी जावची नाय. तांदूळ घातले. सुई ओवली."

"वाऱ्यात सुई ओवलंस?" गुलजारने विचारलं.

"पयल्याच फटक्यात. दोरो आपणच गेलो, वाऱ्यान ढकललो त्येका." लोक पुन्हा हसले. मला हवं होतं ते तेवढंच, कारण आता मोठा घास द्यायचा होता. "आणि तेवढ्यात, देवांच्या खालच्या भोकातून, पलीकडून एक हात इलो."

मी शेवटच्या बाकाकडे बघितलं नाही, पण तिकडचं तोंड आता पूर्ण माझ्याकडे वळलं, एवढं कळलं.

"हात थंड पडलेलो. काही जणांका आयुष्यभर जिभेचां बळ, पण वादळ इल्यावर खाटेखाली. बोललां काय नाय तिकडसून, नुसतो हात. मी काय करतलंय? शत्रूचो झालो म्हणून काय झालां, हात तो हातच. मी डाव्या हातान तो धरलंय. घट्ट. आणि उजव्या हातान पोट मिटलंय. दोन गुडघ्यांत वाकळ आवळून, एका हातान. वादळ जाईपर्यंत सोडूक नाय. म्हणून ते टाके वाकडे. दुसरां कारण नाय."

असं झालं की नाही म्हणून मी गुलजारकडे बघितलं. तिने मान हलवली. एका हाताने घातलेले टाके तसेच पडतात, असं ती शेजारणीला म्हणाली, आणि शेजारीण डोळे पुसत होती. शर्मिष्ठेने वहीतलं काहीतरी पाहिलं. मग कार्ड बाकावर ठेवून पेनाचं टोपण काढलं.

"कुणाची हरकत आहे का?" तिने विचारलं.

खिडकीतल्या मुलीसुद्धा दाराकडे बघत होत्या. रुक्मिणी बसलेली. भिकाजी तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळेना, तो तिला उठ म्हणतोय की बस म्हणतोय. मी माईक दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मनात आकडे मोजले. शर्मिष्ठेने 'यशोदा'मधला 'य' काढला.

बाक सरकल्याचा आवाज झाला.

"खोटां बोलतंस गो," रुक्मिणी म्हणाली. देवाला नाही, शर्मिष्ठेला नाही, सरळ माझ्या तोंडाकडे बघून. "हात तुझो होतो. सुई माझ्याकडे होती."